लवंगेखालचा वास

११ ऑगस्ट २०२४, रविवार

दुपारी एक तरुण माणूस घर शोधत आला. शौर्य नाव. देवासच्या जुन्या दरबारी घराण्यातला, बोलणं अदबीचं. मांडूला फिरायला गेला होता, तिथं पोह्यांवर भुरभुरलेला माझा जीरावन मसाला खाल्ला आणि दुकानदाराकडून पत्ता घेऊन थेट धारला आला. मला वाटलं मोठी मागणी असेल. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "काकू, जीरावनात तुम्ही दगडफूल घालता. तेही तुपावर परतून. बरोबर?"

चौतीस वर्षं मसाले करते आहे. जीरावनात दगडफूल कुणी घालत नाही, मी घालते, आणि हे आजवर एकालाही ओळखता आलं नव्हतं.

मग त्यानं काम सांगितलं. देवासच्या बाहेर त्याचा बिअरचा छोटा कारखाना आहे. त्याला एक काळी बिअर करायची आहे, घट्ट, भाजलेल्या जवाची. व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांत ती तीन-चार महिने मुरवायची आणि त्यात आपले मसाले घालायचे. कोणते, किती आणि केव्हा, हे सांगणारं माणूस हवंय.

मी सरळ सांगितलं, "माझे यजमान दारूनं गेले. तुम्ही दुसरं घर बघा."

तो उठला. "माफ करा, मला ठाऊक नव्हतं," म्हणाला, हात जोडले आणि गेला. चहा तसाच राहिला. जया दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, तुला आजपर्यंत कोणी असं विचारायला आलं का? एकदा बघून तर ये." तोंडात नेहमीसारखी लवंग. या पोरीला लवंगेशिवाय करमत नाही. मसालेवालीची लेक शोभते.

१९ ऑगस्ट, राखी

अर्पित पीथमपूरहून आला. तिथं गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, खोली करून राहतो, सुट्टीला घरी येतो. राखी बांधून झाली, ताट वाढलं, आणि जयानं देवासची गोष्ट काढली. त्याचा घास हातातच राहिला.

"आई, मजाक करते का? बाबा ज्याच्यानं गेले तेच तू बनवणार?"

मी म्हटलं, मी अजून हो म्हटलेलं नाही. जया म्हणाली, "तिला पिवायला नाही बोलवत, वास घ्यायला बोलवतात. जाऊ दे ना तिला."

अर्पितनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू तर बोलूच नको."

मला राग आला. मोठ्या बहिणीशी, तेही राखीच्या दिवशी, ही काय रीत झाली? मी त्याला खूप बोलले. हे अडीच वर्षं खाटेवर होते तेव्हा मी डबे घेऊन घरोघर मसाला विकत फिरत होते आणि ह्यांचं सगळं जयानं काढलं. लपवलेल्या बाटल्या शोधून मोरीत ओतायचं काम तिचंच. तेव्हा हा कॉलेजच्या नावानं इंदौरला होता. ती नसती तर मी कधीच संपले असते. पुढं तिचं लग्न कुक्षीला झालं, वर्षभरात परत आली, सासूनं नाही नाही ते आरोप केले, तेही तिनं तोंड न उघडता सोसलं.

अर्पित न जेवता गेला. जाताना त्याचे डोळे लाल होते. रात्रपाळीनं म्हणाला. असेलही. पण ह्यांचेही डोळे असेच असायचे आणि कारण दर वेळी वेगळं असायचं.

२८ ऑगस्ट

काल देवासला गेले. नुसतं बघायला.

इंदौरला बस बदलून साडेदहाला पोचले. शौर्य घ्यायला आला होता. आत दूध डेअरीसारख्या चकचकीत टाक्या, फरशी पाण्यानं धुतलेली, कुठं घाण नाही. मी दारूचा कारखाना म्हणून मनात काय काय चित्र करून गेले होते. शेवटी एक गार खोली, तिथं सहा पिंपं आडवी ठेवलेली. प्रत्येकाच्या पोटाला लाकडी बूच. शौर्यनं एका रिकाम्या पिंपाचं बूच काढलं आणि म्हणाला, "नाक लावा काकू."

मी वाकले आणि झटकन मागं सरले. आत हे होते. दुसरं कसं लिहू? ह्यांच्या उशीचा अभ्रा, ह्यांचा शर्ट, सकाळी दार उघडल्यावर खोलीतून अंगावर येणारी ती हवा. ह्यांना जाऊन चार वर्षं होत आली, आणि एका भोकातून सगळं बाहेर आलं.

शौर्य घाबरला. पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि पुन्हा नाक लावलं. का लावलं ते माहीत नाही. दुसऱ्या वेळी त्या वासाखाली ओलं लाकूड सापडलं, त्याखाली जायफळासारखं काहीतरी, आणि अगदी तळाशी जुन्या मधाचा गोडवा. हे सगळं तिथंच होतं, मला इतकी वर्षं फक्त वरचं कळत होतं.

मग टाकीतली कोवळी काळी बिअर एका लहान ग्लासात दिली. शौर्य म्हणाला, वाइन चाखणारे थुंकतात, पण बिअरचा एक घोट तरी गिळावा लागतो, कडूपणा घशात गेल्यावरच कळतो. मी म्हटलं, मी थुंकणार. घोट एका घमेल्यात थुंकून सांगितलं: कढईला लागलेला गूळ. करपायच्या आधी उतरवलेलं खोबरं. चिंचेचा नाही, मनुकांचा आंबटपणा. मागं कारल्यासारखं कडू, पण कारलं लवकर जातं, हे बसून राहतं.

शौर्य आणि त्याची दोन माणसं लिहून घेत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी बोलते आणि चार माणसं कान देऊन ऐकतात, असं कधी झालं नव्हतं.

मी हो म्हणून आले.

१४ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या गडबडीत वही उघडली नाही. शौर्यनं वास लिहून ठेवायला सांगितलेत, तेही याच वहीत. मी त्यात सगळंच लिहिते. मुलांची शाळा हिंदीत झाली, मराठी वाचायचा दोघांना कंटाळा, आणि माझं अक्षर तर त्यांना लागतच नाही.

मलमलच्या पुरचुंड्या करून दिल्या. पहिल्या पिंपात लवंग, मसाला वेलची, दालचिनी. दुसऱ्यात सुंठ आणि चक्रीफूल. तिसऱ्यात पिंपळी, जायपत्री, परतलेलं दगडफूल आणि लवंगा अगदी मोजक्या. शौर्य म्हणाला, दर पंधरा दिवसांनी तीन पिंपांतले नमुने छोट्या बाटल्यांत भरून गाडीनं धारला पाठवतो, प्रत्येकी दोन. तुम्हाला एवढी धावपळ नको.

६ ऑक्टोबर

नमुने आले. चाखायची माझी पद्धत ठरली आहे. दुपारी चार वाजता, जेवण उतरल्यावर. आधी कोरडे मुरमुरे, मग पाणी, मग एका काचेच्या वाटीत चार चमचे. पहिलं पिंप दाताच्या दवाखान्यासारखं झालंय, नुसती लवंग. पुरचुंडी काढायला सांगितली. दुसऱ्यात सुंठ फार चढलीय. तिसरं अजून गप्प आहे, पण त्याच्यात काहीतरी होणार.

आज गिळलं. शौर्यचं खरं आहे, थुंकलं तर अर्धंच कळतं. घशातून ऊब उतरली आणि जिभेवर खोबरं राहिलं. देवापुढे उभी राहून क्षमा मागितली.

उरलेलं जया ओतते. "आई, तू हात नको लावू, मी मोरीत टाकून बाटल्या धुऊन ठेवते." तिला त्या दिवसांपासून सवयच आहे.

घरात आता तो वास राहतो. पडदे धुतले, तरी संध्याकाळी येतो. माझ्याच पदराला लागत असेल.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज जे झालं ते लिहवत नाही, पण लिहिते.

अर्पित सोनं द्यायला आला, पाया पडला, दोन तास थांबला. तो मागच्या अंगणात असताना मी कोठीत गेले तर तीन नंबरची दुसरी बाटली जागेवर नव्हती. बूच न काढलेली भरलेली बाटली. सकाळी होती.  मी बाहेर आले, त्याला खांद्याला धरलं आणि म्हटलं, "तोंड उघड."

त्याला कळेना. मी नाक त्याच्या तोंडापाशी नेलं. ह्यांच्या तोंडापाशी न्यायची तसंच.

"माझं तोंड हुंगते तू?" एवढंच बोलला. मग जोरात, "घरात तीन माणसं आहेत आई! तीन!"

मला वास आला नाही. तंबाखूचा आला, चहाचा आला. पण बाटली काय हवेत गेली? जया मध्ये पडली, "राहू दे आई. जवान पोर आहे, तू ओरडू नको त्याला." अर्पित तिच्याकडे बघत राहिला. वाटलं आता काहीतरी बोलणार. पण चपला घातल्या आणि गाडीला किक मारली.

जया माझ्या शेजारी बसून रडली. म्हणाली, सगळं माझ्यामुळे होतंय. मी तिला जवळ घेतलं. पोरीचं अंग किती हलकं झालंय. भावासाठी एवढं लागतं तिला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

अर्पित आला नाही. फोन केला. "आई, मला नाही यायचं. तू एक काम कर, जयाला डॉक्टरकडे ने. तिचे डोळे बघ नीट." मी म्हटलं, तुझे बघ आधी. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

जया ओवाळणीचं तबक तयार करून बसली होती. मग उचलून ठेवलं.

२१ नोव्हेंबर

जयाला बरं नाही. सकाळी उलट्या होतात, दुपारपर्यंत हात कापतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. डोळ्यांत पिवळी झाक आहे, म्हणजे अर्पितचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं निघालं. कावीळ. शेजारच्या मोनाताईंनी सांगितलेल्या वैद्याकडून औषध आणलं, तेल-तूप बंद केलं, उसाचा रस सुरू केला. रक्त तपासायला चल म्हटलं तर नको म्हणते. बाबांचं करून दवाखान्याचा धसका घेतलाय तिनं.

ती शिकवते त्या शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. "मैडम की तबीयत ठीक नहीं रहती, क्लास में आँख लग जाती है। आप घर पर ध्यान दीजिए।" आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना, थांबल्या. मी म्हटलं, कावीळ आहे, उतरेल. त्या म्हणाल्या, "जी।"

२९ नोव्हेंबर

नमुन्यांची गाडी आली नाही. शौर्यचा निरोप आला, दोन दिवस उशीर होईल. चार वाजले तेव्हा मी मुरमुरे काढून बसले होते, सवयीनं. मग उठले, बसले, जायफळ उगाळलं, काही सुचेना. जयाला विनाकारण बोलले. साडेपाचला लक्षात आलं की मी रस्त्याकडे बघत दारात उभी आहे.

हे कुणाला सांगणार? वहीला सांगते. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे आणि मी चार चमच्यांची वाट बघत होते.

१७ डिसेंबर

दुसरं पिंप नासलं. देवासला जाऊन पाहिलं. बूच काढल्याबरोबर आंबलेल्या ताकासारखा वास. शौर्यनं सगळं नाल्यात सोडायला लावलं. काळं पाणी फेसाळत जाताना बघून मला रडू आलं. ह्यांच्या बाटल्या मोरीत जायच्या तेव्हा मी हसायची. शौर्य म्हणाला, "काकू, होतं असं. तिसरं आहे ना आपलं."

तिसरं आहे. आज त्यात पिंपळी जागी झाली होती. आधी गुळाची गोडी, मग दगडफुलाचा तो ओल्या दगडासारखा गंध, मग घशात पिंपळीचा हळू चढणारा तिखटपणा. इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलेलं नाही. शौर्य म्हणतो, बाटलीवर तुमचं नाव घालणार. सुभद्रा.

घरी सांगितलं तर जया हसली आणि म्हणाली, "बाबांना दाखवायला पाहिजे होतं." मला ते बोलणं आवडलं नाही. तिच्या पायांना सूज आहे. उभं राहून शिकवते म्हणून असेल. शाळा सोड म्हटलं. म्हणाली, "सोडली आई, महिना झाला." मग रोज सकाळी पर्स घेऊन जाते कुठं? म्हणाली, धारेश्वरला बसते, शांत वाटतं.  नवऱ्यानं टाकलेल्या पोरीला देवळात बसावंसं वाटलं तर त्यात विचारायचं काय.

१२ जानेवारी २०२५. इंदौर, इस्पितळ

वही पिशवीत राहिली होती म्हणून लिहिते आहे. तीन दिवस झाले. क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

नऊ तारखेला देवासला शेवटचं चाखणं होतं. तिसऱ्या पिंपातली बिअर बाटल्यांत भरायची की नाही ते त्या दिवशी ठरायचं. भोपाळहून दोघे जाणकार आले होते. सकाळी निघताना जया अंथरुणातच होती. मी म्हटलं, नाही जात. ती म्हणाली, "जा आई. तुझा दिवस आहे."

अकरा वाजता ग्लास आले. काळंभोर, वर तपकिरी फेस. शौर्यनं सांगितलं, आधी गार असताना वास घ्या, मग ग्लास तळहातात धरून बसा, ऊब लागली की पुन्हा घ्या. गार असताना लवंग वर असते, ती खालचं झाकून ठेवते.

गार असताना लवंग आली. गोड, स्वच्छ. दगडफूल आलं. भोपाळवाले माना डोलवत होते. मी ग्लास दोन्ही हातांत धरून बसले. दहा मिनिटं झाली असतील. मग नाक लावलं. लवंग तिथंच होती, आणि तिच्याखालून पिंप वर आलं. व्हिस्कीचं लाकूड. लवंग वरून, दारू खालून.

"काय येतंय काकू?" शौर्यनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, "वरती लवंग आहे, आणि लवंगेखाली..." आणि पुढं बोलता येईना. कारण तो वास मला पिंपाच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. तो माझ्या घरातला होता. पडद्यांचा नव्हता, माझ्या पदराचा नव्हता. जया पाणी द्यायला वाकते तेव्हाचा होता. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हाचा. कुक्षीहून ट्रंक घेऊन दारात उभी राहिली तेव्हाचा. हे जिवंत होते तेव्हाचा. ह्यांच्या खोलीतून यायची, तोंडात लवंग असायची, आणि मी म्हणायची, बापाच्या वासानं पोरीला मळमळतं, म्हणून चघळते बिचारी.

ग्लास खाली ठेवला की पडला ते आठवत नाही. जयाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मोनाताईंना लावला. त्या मागच्या दारानं आत गेल्या, फोन चालूच होता, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "अरे देवा, जया... जया, उठ बेटा." न्हाणीत पडली होती. तोंडातून रक्त. फरशीवर, भिंतीवर, साडीवर.

मोनाताईंनी धारच्या दवाखान्यात नेलं, तिथून इंदौरला पाठवलं. शौर्यनं मला गाडीनं थेट इथं आणलं.  अर्पित आधीच पोचला होता.

तरुण डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "कितने साल से पी रही हैं?"

मी म्हटलं, "मेरी बेटी नहीं पीती."

खोटं नव्हतं बोलायचं. तोंडातून तेच निघालं, तीस वर्षं ह्यांच्यासाठी निघायचं तसं. बाईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाकून जयाला विचारलं. जयाचे डोळे मिटलेले होते.

"सात," ती म्हणाली.

१५ जानेवारी

यकृताचं मोठं नुकसान झालंय. अन्ननलिकेतली शीर फुटली होती, ती बांधली. पुन्हा फुटू शकते. प्यायली तर नक्की फुटेल, नाही प्यायली तरी सांगता येत नाही. वय एकतीस.

अर्पितला बाकावर बसून विचारलं, तुला माहीत होतं? "बाबा होते तेव्हापासून. कॉलेजातून घरी यायचो तेव्हा कळायचं." मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं होतं आई. तू माझं तोंड हुंगलं."

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं धरू दिला, पण बोटं तशीच सरळ ठेवली.

१८ जानेवारी

कपडे आणायला धारला गेले. जयाची ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीत, हिवाळी कपड्यांत, जुन्या पुस्तकांच्या मागं. माझ्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या सगळ्या तिथं, धुतलेल्या, एकीवर एक ओळीनं. त्यांच्याखाली साध्या दुकानातल्या. आणि अगदी तळाशी ह्यांच्या ब्रँडच्या तीन चपट्या बाटल्या. चिकटवलेल्या कागदावर भरल्याचं साल असतं. २०१८.

मी त्या जमिनीवर मांडून बसले होते. मोनाताई आल्या, बघितलं, आणि न विचारता माझ्या शेजारी बसून पोत्यात भरायला लागल्या.

२४ जानेवारी

आज जया बोलली. वॉर्डात दुपारची झोपाझोप होती. छताकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही.

"तू सांगायची ओत. मी ओतायची. एक दिवस बाबांनी माझे पाय धरले. बापानं पाय धरले आई. म्हणाले, फक्त एक झाकण. मी दिलं. ते रडत होते, थरथरत होते, आणि पाच मिनिटांत एकदम शांत झाले. झोपले लहान मुलासारखे. मी बघत बसली. मला पण तसं शांत व्हायचं होतं. म्हणून एक झाकण मी घेतलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू संध्याकाळी यायची, म्हणायची, माझी जया आहे म्हणून घर उभं आहे. मग कसं सांगणार?"

मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. 

दसऱ्याची बाटली तिनंच घेतली होती. तेही सांगितलं. "अर्पितला मी माफी मागितली," म्हणाली. "तू मागितली का?"

२ फेब्रुवारी

शौर्य आला होता. फळं आणली. बिअर बाटल्यांत भरली आहे, भोपाळवाल्यांनी खूप वाखाणली. चाचरत म्हणाला, "काकू, नावाचं काय करू? तुम्ही म्हणाल ते."

मी म्हटलं, "नाव काढ. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. बिअर वाईट झाली म्हणून नाही सांगत. फार चांगली झालीय. तेच मला सहन होत नाही." तो मान खाली घालून बसला. पुढचं काम करणार नाही तेही सांगितलं. जाताना पाया पडला.

अर्पितशी काल बोलले. माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे." ठीक नाही, पण म्हणाला.

१६ फेब्रुवारी, पीथमपूर

जयाला आठवड्यापूर्वी सोडलं. तिनं एकच मागणं मागितलं, धारच्या घरी नको. म्हणून अर्पितच्या खोलीत आलो आहोत. एकच खोली, एक पलंग, गॅसची शेगडी, बाहेर ट्रकांचा आवाज. मसाला इथं काही नाही, मीठ-हळद-तिखट तेवढं. जया पलंगावर, मी खाली, अर्पित पाळीवरून आला की दारापाशी चटई टाकतो. इंदौरला दर आठवड्याला दाखवायचं, आणि व्यसनाच्या डॉक्टरांकडेही. पोट अजून फुगलेलं आहे. पायऱ्या चढताना थांबते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही महिन्या-महिन्याचा हिशोब धरतो, वर्षाचा नाही.

आज दुपारी मी डाळ निवडत होते. जया उठून भिंतीला टेकून बसली होती.  मग म्हणाली, "आई, मला आत्ता प्यावंसं वाटतं. खूप."

सात वर्षांत पहिल्यांदा तिनं मला हे सांगितलं. माझ्या मनात एकदम सगळं येऊन गेलं. ओरडावं, शपथ घालावी, दाराला कडी लावावी, देवाचं नाव घ्यायला सांगावं. ह्यांच्या बाबतीत हे सगळं करून झालेलं होतं.

मी ताट बाजूला ठेवलं आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकले. घड्याळात बघितलं, चार वाजले होते.

"मलाही," मी म्हटलं.

ती वळून बघायला लागली. मी तिला सांगितलं. चार चमच्यांचं, दारात उभी राहून गाडीची वाट बघायचं, अजूनही चार वाजले की जिभेला ते खोबरं आठवतं, तू रक्त ओकलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीही आठवलं होतं. सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावली नाही. तिनं पाय थोडे सरकवले, म्हणजे मला नीट टेकता येईल.

"मग काय करतेस?" तिनं विचारलं.

"काही नाही. बसते."

आम्ही बसलो. तिला घाम येत होता, मी पदरानं पुसत होते. साडेपाचला अर्पित आला. दोघींना जमिनीवर तशा बघून दारातच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही," जया म्हणाली. "बसलोय."

त्यानं डबा ठेवला, बूट काढले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.